पडलेला शेअर किती काळ धरायचा? जोखीम आणि परताव्याचा घरगुती हिशोब

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधल्या बचतीचं रूप बदललं आहे. पूर्वी घरातली बचत म्हणजे भिशी, पोस्ट, बँकेची एफडी, एलआयसी आणि जमलंच तर शहराबाहेर एखादा प्लॉट. आता मोबाइलवर घरबसल्या डिमॅट खातं उघडतं. नोकरीला लागलेला मुलगा पहिल्या पगारातून शेअर घेतो, निवृत्त झालेले वडील ग्रॅच्युइटीतले काही पैसे त्याच्याकडे देतात. त्यामुळे बचतगटाच्या किंवा विहारातल्या बैठकीत पैशांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "ताई, शेअर पडलाय, पण विकलेला नाही. लाँग टर्म धरला तर वर येईलच ना?"

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. काही शेअर वर येतात. काही कधीच येत नाहीत. आणि काही वेळा कंपनी वर येते, पण जुन्या भागधारकाचे पैसे वर येत नाहीत. ही तिसरी शक्यता आपल्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही. या लेखात तिन्ही शक्यता खऱ्या उदाहरणांतून पाहू.

आधी एक खुलासा. शेअर बाजार हा आपला प्रांतच नाही, असं मानायचं कारण नाही. लंडनहून परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारांबाबत सल्ला देणारी एक फर्म सुरू केली होती. सल्लागाराची जात कळल्यावर लोक येईनासे झाले आणि ती बंद पडली. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. म्हणजे या विषयाचं ज्ञान आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होतं, दार मात्र बंद होतं. आज दार उघडं आहे. आत जाताना हिशोब सोबत असावा, एवढंच सांगायचं आहे.

सट्ट्याचा शेअर म्हणजे कोणता?

ज्या शेअरची किंमत कंपनीच्या आजच्या कमाईवर नव्हे, तर पुढे काहीतरी घडेल या आशेवर उभी असते, तो सट्ट्याचा शेअर. कंपनी तोट्यात असते किंवा कर्जात बुडालेली असते. एखादी मोठी ऑर्डर, एखादी सरकारी परवानगी किंवा बँकांनी दिलेली सवलत यावर तिचं भवितव्य ठरणार असतं. एका बातमीवर भाव दुप्पट होतो, दुसऱ्या बातमीवर निम्मा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाच रुपयांचा शेअर स्वस्त आणि पाच हजारांचा महाग, असं नसतं. एका शेअरचा भाव गुणिले शेअरची एकूण संख्या, ही त्या कंपनीची बाजारातली किंमत. भाकरीचे चार तुकडे केले काय किंवा चाळीस केले काय, भाकरी तेवढीच राहते. "पाच रुपयांचाच तर आहे, अजून किती पडणार?" असं म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावं की पाचचा एक रुपया झाला तर ऐंशी टक्के पैसे गेले.

पुण्याच्या सुझलॉनची कहाणी

सुझलॉन एनर्जी हे नाव महाराष्ट्राला नवं नाही. कंपनीचं मुख्यालय पुण्यात हडपसरला आहे. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि धुळे जिल्ह्यात तिच्या पवनचक्क्या फिरताना अनेकांनी पाहिल्या असतील. तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये ही कंपनी सुरू केली. २००५ मध्ये तिचा शेअर बाजारात आला तो ५१० रुपयांना. जानेवारी २००८ मध्ये एका शेअरचे पाच शेअर करण्यात आले, म्हणजे मूळ खरेदीदाराला एक शेअर १०२ रुपयांना पडला. त्याच महिन्यात भाव ४५० रुपयांच्या पुढे गेला होता.

पवनऊर्जेला भविष्य आहे, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं आहे. चूक त्या अंदाजात नव्हती. कंपनीने बेल्जियमची हॅन्सन आणि जर्मनीची आरईपॉवर या मोठ्या कंपन्या विकत घेतल्या आणि त्यापायी कर्जाचा डोंगर उभा राहिला. अमेरिकेत पाठवलेल्या काही पवनचक्क्यांच्या पात्यांना तडे गेले. त्यातच २००८ ची जागतिक मंदी आली आणि ऑर्डरी आटल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनी सुमारे २० कोटी ९० लाख डॉलरचे रोखे वेळेवर फेडू शकली नाही. २०१५ मध्ये तिला जर्मनीतली कंपनी विकावी लागली. २०१९ मध्ये पुन्हा रोख्यांचे पैसे थकले. मार्च २०२० मध्ये भाव दोन रुपयांच्याही खाली गेला.

त्यानंतर चाक फिरलं. बँकांनी कर्जाची पुनर्रचना केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने जुन्या भागधारकांना पाच रुपये दराने नवे शेअर देऊन १,२०० कोटी रुपये उभे केले. २०२३ मध्ये मोठ्या गुंतवणूकदार संस्थांकडून आणखी २,००० कोटी घेतले आणि कर्ज जवळपास संपवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ८६ रुपयांपर्यंत पोहोचला.

आता हिशोब करू. २०२२ मध्ये पाच रुपयांनी एक लाखाचे शेअर घेणाऱ्याचे २०२४ च्या त्या उच्चांकाला १७ लाख २० हजार झाले. त्याची गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल, कारण अशाच गोष्टी फिरतात. पण जानेवारी २००८ मध्ये ४६० रुपयांच्या आसपास एक लाख गुंतवणाऱ्याला २१७ शेअर मिळाले होते. मार्च २०२० मध्ये त्यांची किंमत चारशे-सव्वाचारशे रुपये उरली. तो तरीही डगमगला नाही, धरून बसला, तर २०२४ च्या उच्चांकालाही त्याच्या हातात साधारण १८,७०० रुपये होते. साडेसोळा वर्षांत हेच एक लाख सात टक्के व्याजाने राहिले असते, तर तीन लाखांच्या पुढे गेले असते.

कंपनी वाचली, जुना भागधारक का नाही?

हा या कहाणीतला सर्वात महत्त्वाचा भाग आहे. २००८ मध्ये सुझलॉनचे सुमारे १५० कोटी शेअर होते. ४५० रुपये भावाने कंपनीची बाजारातली किंमत ६७ हजार कोटींच्या घरात जाते. २०२४ मध्ये शेअरची संख्या सुमारे १,३६० कोटी झाली होती. त्या वर्षीच्या ८६ रुपये भावाने कंपनीची किंमत येते एक लाख सोळा हजार कोटींच्या वर. म्हणजे भाव पाचपटींहून खाली असतानाही कंपनी २००८ पेक्षा मोठी झाली होती.

मग फरक कुठे गेला? नव्या शेअरमध्ये. अडचणीतली कंपनी कर्ज फेडण्यासाठी नवे शेअर काढते. बँकांना कर्जाच्या बदल्यात शेअर देते, रोखेधारकांना देते, नव्या गुंतवणूकदारांना देते. कंपनी त्यामुळेच वाचते. पण नऊ जणांच्या पंगतीला आधी एकट्यासाठी काढलेलं ताट वाटावं, तसा जुन्या भागधारकाचा वाटा नवव्या हिश्शावर येतो. म्हणून भाव पुन्हा ४५० होण्याची वाट पाहणं म्हणजे कंपनीची किंमत सहा लाख कोटींच्या वर जाण्याची वाट पाहणं.

येस बँकेत हेच अधिक वेगाने घडलं. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचा भाव ४०० रुपयांच्या आसपास होता. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना पन्नास हजारांपर्यंतच पैसे काढण्याची मुभा राहिली. स्टेट बँकेने आणि इतर बँकांनी १० रुपये दराने भांडवल घातलं. त्याच वर्षी जुलैमध्ये १२ रुपये दराने आणखी १५,००० कोटी उभे केले. सुमारे २५५ कोटी शेअरचे अडीच हजार कोटी शेअर झाले. त्यात शंभर किंवा अधिक शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. विकायची इच्छा असूनही विकता येईना. ठेवीदारांचे पैसे वाचले, बँक वाचली. भागधारक मात्र सर्वात शेवटी उभा होता.

आणि डीएचएफएलमध्ये तो रांगेतूनच बाहेर पडला. २०१८ मध्ये सहाशे रुपयांच्या पुढे गेलेली ही गृहकर्ज कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२१ मध्ये पिरामल समूहाची योजना मंजूर झाली, तेव्हा जुन्या शेअरची किंमत शून्य धरण्यात आली. विशेष म्हणजे व्यवहार थांबेपर्यंत लोक तो शेअर विकत घेत होते. "मोठा समूह घेतोय म्हणजे भाव वाढणार," अशी समजूत होती. दिवाळखोरीत आधी देणेकऱ्यांची भरपाई होते आणि त्यातून काही उरलं तरच भागधारकाला मिळतं, हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

'लाँग टर्म'चा मंत्र कुणासाठी आहे?

१९७८-७९ साल १०० धरून सुरू झालेला सेन्सेक्स जुलै २०२४ मध्ये ८०,००० च्या वर गेला. दीर्घकाळ थांबा, फळ मिळेल, हा मंत्र या आकड्यातून आला आहे आणि तो खोटा नाही. पण सेन्सेक्स हा एक शेअर नव्हे. ती तीस कंपन्यांची यादी आहे आणि ती बदलत असते. दुबळी कंपनी काढली जाते, सशक्त आत येते. येस बँक २०१७ च्या अखेरीस सेन्सेक्समध्ये आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये बाहेर काढली गेली. मार्च २०२० चे निर्बंध आले तेव्हा ती त्या यादीत नव्हतीच.

तुमच्या डिमॅट खात्यात ही काढ-घाल कोणी करत नाही. तिथे पडलेला शेअर पडूनच राहतो. त्यामुळे निर्देशांकाला वेळ मदत करतो, तसा एका कर्जबाजारी कंपनीच्या शेअरला करेलच असं नाही. उलट जितकी वर्षं जातील तितकं व्याज चढतं आणि नवे शेअर काढायची वेळ तितक्या वेळा येऊ शकते.

तोटा भरून काढण्याचं गणित

शंभराचे ऐंशी झाले तर पुन्हा शंभर व्हायला पंचवीस टक्के वाढ लागते. शंभराचे पन्नास झाले तर शंभर टक्के. शंभराचे वीस झाले तर चारशे टक्के. आणि शंभराचे दहा झाले तर नऊशे टक्के. पडण्याचा उतार आणि चढण्याचा चढ सारखा नसतो.

म्हणून अनेक जण 'ॲव्हरेज' करतात. ५० रुपयांना शंभर शेअर घेतले, भाव २० झाला, आणखी शंभर घेतले. सरासरी ३५ झाली, मन हलकं झालं. पण आता पाच हजारांऐवजी सात हजार त्याच कंपनीत अडकले. सरासरी खाली आली, जोखीम वर गेली.

बक्षिसाचंही गणित करू. समजा, सट्ट्याचे दहा शेअर प्रत्येकी दहा हजारांना घेतले. दहा वर्षांनी त्यातले सहा बुडाले, तीन जागच्या जागी राहिले आणि एक दहापट झाला. हातात आले १ लाख ३० हजार. ऐकायला बरं वाटतं, पण हेच एक लाख सात टक्क्यांनी दहा वर्षांत सुमारे १ लाख ९७ हजार झाले असते. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. पण त्यातून दिसतं ते असं : दहापट होणारा एक शेअरसुद्धा बाकीच्या नऊंचा खड्डा भरून एफडीला गाठेलच असं नाही. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांकडे दहा नसतात, एखादाच असतो. तो सहांपैकी निघण्याची शक्यता जास्त, तो एकटा निघण्याची कमी.

जोखीम सगळ्या घरांना सारखी नसते

समाजशास्त्राच्या अभ्यासात आणि वस्तीतल्या कामात मला हा मुद्दा सर्वात मोलाचा वाटत आला आहे. बाजाराची पुस्तकं जोखीम टक्क्यांत मोजतात. पण पन्नास टक्के तोटा झाला म्हणजे काय झालं, हे घरावर अवलंबून असतं. ज्या घरामागे वडिलोपार्जित शेती, दुकान आणि अडीअडचणीला हात देणारे चार सुस्थितीतले नातेवाईक आहेत, तिथे ते एक वाईट वर्ष असतं. ज्या घरात शिकून नोकरीला लागलेली ही पहिलीच पिढी आहे, एका पगारावर आई-वडील, धाकटी भावंडं आणि गावाकडचं घर चालतं, तिथे त्याच पन्नास टक्क्यांत मुलीचा प्रवेश जाऊ शकतो. शिष्यवृत्ती उशिरा आली तर मधली फी बचतीतूनच भरावी लागते. अशा घराचा पडायचा आधार एकच असतो, तो म्हणजे ही बचत.

म्हणून पहिला प्रश्न "शेअर किती वर जाईल?" हा नसावा. "हे सगळे पैसे गेले तर घरात काय बदलेल?" हा असावा. समजा, बचत चार लाख आहे. त्यातले वीस हजार अशा शेअरमध्ये घातले आणि बुडाले, तर वाईट वाटेल, पण घर चालेल. तेच दहापट झाले तर दोन लाख होतील, म्हणजे फायदाही नगण्य नाही. पण दोन लाख घातले आणि बुडाले, तर घराची निम्मी ढाल गेली. सट्ट्याच्या शेअरमध्ये किती कमवाल हे आपल्या हातात नसतं. किती गमवाल हे मात्र खरेदीच्या दिवशीच ठरवता येतं.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा भाग आपत्काळासाठी राखून ठेवायचा. त्याच सुत्तात जुगाराला संपत्तीनाशाच्या वाटांमध्ये गणलं आहे. व्यवसायात पैसे घालायला तिथे मनाई नाही, निम्मी मिळकत त्यासाठीच सांगितली आहे. पण आपत्काळाचा चौथा भाग वेगळा आहे. ग्रॅच्युइटी, पीएफ, आईच्या दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे आणि मुलांची फी हा तो चौथा भाग. त्यातला रुपयाही सट्ट्याच्या शेअरमध्ये जाऊ नये. कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून घेणं तर दूरच.

धरायचं की सोडायचं : पाच प्रश्न

ज्यांच्याकडे असा शेअर आधीच आहे, त्यांनी एका वहीत पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहावीत. लागणारी माहिती बीएसईच्या संकेतस्थळावर आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात मोफत मिळते.

१. शेअरची एकूण संख्या आपण घेतला तेव्हा किती होती, आज किती आहे? दुप्पट झाली असेल, तर आपला जुना भाव विसरून नव्याने हिशोब मांडावा.

२. कर्ज वाढतंय की घटतंय? कागदावरचा नफा पुरेसा नाही. धंद्यातून रोख पैसे येत आहेत का आणि त्यातून व्याज भागतं का, हे पाहावं.

३. प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण ठेवले आहेत का, किंवा ते विकत आहेत का? दर तिमाहीला हा तक्ता जाहीर होतो. मालकच हात काढून घेत असेल, तर आपण कशाच्या भरवशावर धरून आहोत?

४. लेखापरीक्षकाने मध्येच राजीनामा दिला आहे का, किंवा अहवालात गंभीर शेरा मारला आहे का? हा धोक्याचा मोठा इशारा समजावा.

५. हा शेअर आज माझ्याकडे नसता आणि तेवढी रक्कम रोख हातात असती, तर मी आजच्या भावाने तो घेतला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर आपण शेअर धरलेला नसून जुना भाव धरून बसलो आहोत.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे देणं सर्वात जड जातं. तोट्यात विकणं म्हणजे आपण चुकलो हे घरात कबूल करणं. विशेषतः घरच्यांना न सांगता घेतलेला शेअर वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, तो यामुळेच. अशा वेळी सगळं एकदम विकायचं नसेल, तर निम्मं विकावं. आणि ज्या कारणासाठी शेअर घेतला ते कारण लिहून ठेवावं. 'दोन वर्षांत कर्ज कमी होईल' असं लिहिलं आणि दोन वर्षांत ते वाढलं, तर निर्णय आपोआप होतो. ठरवलेल्या अटीवर बाहेर पडणं हा पराभव नाही. तोट्याचा करातही उपयोग होतो. विवरणपत्र मुदतीत भरलं, तर शेअर विक्रीतला तोटा पुढची आठ वर्षं नियमांनुसार नफ्यातून वजा करता येतो.

एक सावधगिरी विकतानाही लागते. भाव सतत कोसळत असताना शेअरला खालचं सर्किट लागतं आणि त्या दिवशी घेणाराच मिळत नाही. मोबाइलवर दिसणारा भाव आणि प्रत्यक्ष हातात येणारे पैसे यांत तेव्हा मोठं अंतर पडतं. छोट्या कंपन्यांच्या बाबतीत ही अडचण जास्त येते.

टिप कोणाची, पैसे कोणाचे?

व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये 'आपला माणूस' म्हणून येणाऱ्या टिपपासून जपा. टिप देणाऱ्याने तो शेअर आधीच घेऊन ठेवलेला असतो आणि आपल्या खरेदीवर तो बाहेर पडतो, असे प्रकार सेबीने वेळोवेळी पकडले आहेत. सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतं. फसवणूक झाली तर सेबीच्या 'स्कोअर्स' या व्यवस्थेवर तक्रार करता येते. ओळख, गाव, समाज ही नाती सुखदुःखासाठी आहेत. ताळेबंद तपासण्याचं काम त्यांच्यावर सोपवू नये.

आपल्याकडे विहार आहेत, बचतगट आहेत, कर्मचारी संघटना आहेत. महिन्यातून एकदा तासभर बसून एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल एकत्र वाचला, तर कुठल्याही टिपपेक्षा जास्त हाती लागेल. वाणिज्य शाखेतली एखादी मुलगी तो समजावून सांगेल, निवृत्त बँक कर्मचारी शंका सोडवतील. घरातल्या बाईलाही नवऱ्याच्या डिमॅटमध्ये काय आहे आणि किती पैसे अडकले आहेत, हे माहीत असायलाच हवं. पाच प्रश्नांची ती वही दोघांनी मिळून भरली, तर उत्तम.

(लेखातली कंपन्यांची नावं केवळ उदाहरणादाखल घेतली आहेत. ही कोणत्याही शेअरच्या खरेदी-विक्रीची शिफारस नाही.)